रूळ कोणी टाकले?

नीतिशास्त्राच्या वर्गाची सुरुवात हल्ली रेल्वेच्या रुळांवरून होते. ब्रेक निकामी झालेली ट्रॉली धावत येते आहे, पुढे रुळावर पाच मजूर आहेत, बाजूच्या फाट्यावर एकच आहे आणि सांधा बदलायचा खटका तुमच्या हातात आहे. ओढाल का? पुण्यातल्या अभ्यासिकांत, मॅनेजमेंटच्या वर्गांत, मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंत हे कोडं घातलं जातं. उत्तर देणारा क्षणभर गंभीर होतो, पाचांना वाचवतो किंवा एकाला वाचवतो, आणि आपण नीतीचा विचार केला या समाधानात चहा प्यायला जातो.

या पुस्तकातल्या लेखांना त्या समाधानाबद्दल शंका आहे. लेख आहेत भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या निर्णयांबद्दल. (वेल्ह्याचं सरकारी नाव आता राजगड तालुका झालं आहे, बोलण्यात अजून वेल्हंच आहे, आणि इथेही तेच ठेवलं आहे.) कोणी कोणाची बाजू घेतली, कोणी कुठल्या कागदावर सही केली, कोणाला वेळेवर सांगितलं आणि कोणाला सांगायचं राहून गेलं, असे हे निर्णय. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकाला दोन डोंगरी तालुके कशाला हवेत, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर देण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवतो आहे.

आधी त्या ट्रॉलीला न्याय देऊ. फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी 1967 साली गर्भपातावरच्या एका निबंधात ती आणली. आपण मुद्दाम केलेलं नुकसान आणि आपल्या कृतीतून होणार हे ठाऊक असलेलं नुकसान यांत नैतिक फरक आहे का, हा जुना वाद त्यांना तपासायचा होता. त्यासाठी त्यांनी चार-पाच छोटी उदाहरणं घेतली, त्यांतलं हे एक. काम झालं की बाजूला ठेवायचं अवजार होतं ते. पुढे ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी त्यात पुलावरचा लठ्ठ माणूस आणला, त्याला ढकलून गाडी थांबवायची का असं विचारलं, आणि मग या कोड्याचे फाटे फुटतच गेले. गंमत अशी की थॉमसनबाईंनीच 2008 साली लिहून टाकलं की वाटेवरून जाणाऱ्या तिऱ्हाइतानं खटका ओढणं आपल्याला आता योग्य वाटत नाही. तोवर कोडं त्यांच्या हातातून पार निसटलं होतं.

किती निसटलं, त्याचा पुरावा म्हणजे ‘मॉरल मशीन’. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी चालकाविना चालणाऱ्या मोटारींसाठी एक संकेतस्थळ काढलं. ब्रेक निकामी झालेल्या मोटारीनं म्हातारीला उडवावं की मुलाला, डॉक्टरला की चोराला, असं लोकांना विचारलं. जवळजवळ 4 कोटी उत्तरं जमली, आणि ऑक्टोबर 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा निबंध छापून आला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या टेम्पी गावात उबर कंपनीच्या चाचणीतल्या अशा मोटारीखाली खरोखरच एक स्त्री सापडून मेली होती. तिथे म्हातारी की मूल असा प्रश्न आलाच नाही. चौकशीत काय निघालं? रस्ता ओलांडणारी ती माणूसच आहे, हे यंत्राला वेळेत ओळखता आलं नाही. आणीबाणीचा ब्रेक संगणकाच्या ताब्यात असताना बंद ठेवलेला होता, आणि लक्ष ठेवायला बसवलेल्या व्यक्तीची नजर फोनवर होती. सगळे निर्णय आधीच, कार्यालयात बसून, शांतपणे घेतले गेले होते. गाडी धावायला लागल्यावर निवडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

हीच माझी मुख्य तक्रार आहे. या कोड्यांमध्ये गोष्ट नेहमी शेवटच्या तीन सेकंदांत सुरू होते. त्याआधीचं सगळं कापलेलं असतं. ब्रेक कोणी तपासले नाहीत, मजुरांना चालू मार्गावर कोणी पाठवलं, शिट्टी वाजवायला माणूस का नव्हता, हे विचारायची मुभा नाही. विचारलंच तर गुरुजी हसून म्हणतात, ‘तसं धरून चालायचं नाही.’ नंतरचंही कापलेलं असतं. खटका ओढणारा दुसऱ्या दिवशी त्या एकाच्या घरी जाणार आहे का, पोलीस काय विचारणार आहेत, गावात त्याला तोंड दाखवता येणार आहे का, कशाचाच पत्ता नाही. आणि रुळावरच्यांना नावं नसतात.

भोर-वेल्ह्यात मात्र नावं असतात.

कारी हे रायरेश्वराच्या पायथ्याचं गाव, जेधे देशमुखांचं. उत्रोळी खोपडे देशमुखांचं. दोन्ही आजच्या भोर तालुक्यात. जून 1659 मध्ये आदिलशहाचं फर्मान मावळच्या देशमुखांना आलं: अफजलखान येतो आहे, त्याला सामील व्हा. कान्होजी जेधे शिवाजी महाराजांकडे राहिले. खंडोजी खोपडे खानाकडे गेले. शाळेच्या पुस्तकात याचं निष्ठा आणि फितुरी असं दोन ओळींचं गणित होतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ‘वैध सत्तेची आज्ञा विरुद्ध न्यायाचा पक्ष’ असं कोडं होईल, आणि विद्यार्थी हात वर करतील.

जेधे करिना, म्हणजे जेधे घराण्याची जुनी हकीकत, वाचला तर मात्र फर्मान येण्याच्या आधीची दहा वर्षं दिसतात. शहाजीराजांना कैद झाली तेव्हा कान्होजीही त्यांच्याबरोबर अटकेत होते. 1649 साली सुटका झाल्यावर शहाजीराजांनी त्यांना मावळात मुलाच्या मदतीला धाडलं, शपथक्रिया झाली. म्हणजे फर्मान हातात पडलं तेव्हा कान्होजींपुढे पाटी कोरी नव्हती. त्यांच्या निर्णयाचा मोठा भाग आधीच होऊन गेला होता. उरला होता तो त्याची किंमत मोजण्याचा. वतन जाईल, मग काय, असं महाराजांनी विचारल्यावर त्यांनी वतनावर पाणी सोडलं, असं करिना सांगतो. देशमुखासाठी वतन म्हणजे नुसतं उत्पन्न नव्हे. बापजाद्यांचं नाव, गोतातली जागा, लग्नसंबंध, सगळं त्यातच. खोपड्यांच्या बाजूलाही त्यांचा असा भूतकाळ होता. वतनाचे आणि शेजारच्या देशमुखांशी चाललेले वाद होते, आणि खान आल्यावर आपला हक्क पक्का होईल ही आशा होती. हे सांगितल्यानं फितुरी पुसली जात नाही. पण ती माणसानं केलेली फितुरी होते, कोड्यातल्या बाहुल्यानं केलेली राहत नाही.

यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खान पडल्यावर खोपडे लपून राहिले. त्यांचे जावई हैबतराव शिळीमकर हे गुंजण मावळचे देशमुख, म्हणजे आजच्या वेल्ह्याचे. त्यांनी कान्होजींकडे रदबदली केली आणि कान्होजींनी महाराजांकडे शब्द टाकला. जिवाला अपाय करणार नाही, असा शब्द मिळाला. आणि खोपडे हजर झाल्यावर त्यांचा एक हात आणि एक पाय तोडला गेला. कान्होजींना वाईट वाटलं. जीव राखण्याचा शब्द पाळला आहे, असं उत्तर मिळालं.

शब्द पाळला की मोडला? इथे मी स्वतः अनेक वर्षं अडकलेला आहे, आणि मला आवडतं ते हेच, की इथे अडकायला अर्थ आहे. शब्द नेमका काय होता, तो ऐकणाऱ्यानं काय समजून घ्यावा असं अपेक्षित होतं, मध्यस्थाची अब्रू कितपत पणाला लागली, नव्या राज्याला काय दाखवून देणं भाग होतं, आणि हे सगळं झाल्यावर जेधे, शिळीमकर आणि खोपडे ही घराणी त्याच खोऱ्यांत पुढे शेजारीच कशी राहिली. या एका प्रसंगात वचनाबद्दल जितकं शिकायला मिळतं तितकं पाश्चात्त्य पुस्तकांतल्या वचनभंगाच्या कल्पित गोष्टींत मला मिळालेलं नाही. कल्पित गोष्टीतून नीती तपासायची युक्ती महाभारतकारालाही ठाऊक होती. कर्णपर्वातली कौशिक ब्राह्मणाची गोष्ट पाहा. लपलेल्या वाटसरूंचा ठावठिकाणा तो दरोडेखोरांना खरा सांगतो आणि नरकात जातो. कांटनं दारातल्या खुन्याचं असंच उदाहरण 1797 साली घेतलं. पण कृष्ण ही गोष्ट वर्गात बसून सांगत नाही. प्रतिज्ञेपायी थोरल्या भावावर तलवार उपसलेल्या अर्जुनाला तो ती युद्ध चालू असताना छावणीत सांगतो. गोष्ट कल्पित असली तरी तिला विचारणारा, ऐकणारा आणि वेळ आहे.

ज्या 1967 साली फूटबाईंची ट्रॉली आली, त्याच साली मराठीत इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आलं. त्या निबंधाच्या आणि या पुस्तकाच्या वाटा कुठेच मिळत नाहीत, तरी मला हा योग सोडवत नाही. कर्वेबाईंनी भीष्म, गांधारी, कर्ण यांना नीतितत्त्वांच्या खुंट्या न मानता माणसं मानलं, आणि त्यांच्या एकेका निर्णयामागे किती पिढ्यांचं देणंघेणं साचलंय ते उकलून दाखवलं. आणि त्याच बाई जाई निंबकरांबरोबर कोयना धरणानं उठवलेल्या माणसांची पाहणी करायला गावोगाव गेल्या. डेक्कन कॉलेजनं तो अहवाल 1969 साली छापला. ‘बहुतांच्या हितासाठी थोड्यांना उठवणं योग्य का’ हा प्रश्न त्यांना खुर्चीत बसूनही सोडवता आला असता. त्यांनी उठलेल्यांना जाऊन विचारलं.

धरणांचा विषय निघालाच आहे, तर तो या पुस्तकाचा कणा आहे हे सांगून टाकतो. भोरजवळ वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण, इंग्रजांचं लॉईड डॅम, 1928 साली पुरं झालं. त्याचं पाणी नीरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यानं बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत ही सगळी नंतरची. बेरीज करायला बसलं तर हिशेब चोख दिसतो: वर डुबलेली गावं थोडी, खाली भिजलेली शेतं पुष्कळ. पाच आणि एक. फक्त तो ‘एक’ रुळावर आपण होऊन येऊन उभा राहिला नव्हता, आणि गाडी निघून गेल्यावरही तो तिथेच, थोडा वर सरकून, राहतो. दर उन्हाळ्यात त्याच खोऱ्यांतल्या वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ या म्हणीत जे बसतं ते कुठल्याही बेरजेत बसत नाही, कारण बेरीज एकदाच करतात आणि उन्हाळा दरसाल येतो.

वेल्ह्याच्या उत्तरेचा डोंगर ओलांडला की मुळशी. तिथे तर रूळही खरे होते. टाटांच्या वीजप्रकल्पाविरुद्ध 1921 साली मुळशी पेट्यातल्या मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट पुढे होते. सत्याग्रह थकला, फुटला, आणि 1924 च्या अखेरीस बापटांनी साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली, पिस्तूल चालवलं आणि सात वर्षांची सजा भोगली. खटक्याचा प्रश्न बापटांनाही घालता येईल. पण तीन वर्षं अहिंसेनं लढून झाल्यावर, जमीन जाणार हे दिसत असताना, माणूस रुळांशी पोचतो तेव्हा त्याच्या हातातल्या दगडाला मागचं सगळं चिकटलेलं असतं. बापटांचं ते कृत्य मला समर्थनीय वाटत नाही. पण ते चूक का होतं हे सांगायला मला तीन वर्षांची हकीकत लागते, तीन सेकंदांची पुरत नाही.

आता पानशेत. मी ज्यांना ज्यांना हे पुस्तक लिहितो आहे असं सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांनी हाच विषय काढला, आणि जवळजवळ प्रत्येकानं तो कोड्याच्या रूपात काढला: ‘धरण फुटणार हे रात्री कळलं होतं. तुम्ही अधिकारी असता तर शहराला सांगून घबराट माजवली असती की गप्प राहून पोती रचली असती?’

पानशेत वेल्हे तालुक्यात, आंबी नदीवर. मातीचं धरण. काम 1962 साली संपायचं होतं. पाणी मात्र 1961 च्या पावसाळ्यातच साठवायचं ठरलं. विमोचकाचं, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीचं, काम अपुरं होतं, दार पूर्ण बसलेलं नव्हतं, त्यामुळे मोरीतून पाणी उसळत जात होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागून राहिला. मोरीच्या वरचा भराव खचायला लागला. 11 जुलैच्या रात्री लष्कराचे जवान पावसात, अंधारात वाळूची पोती रचत होते. 12 जुलैला सकाळी धरण फुटलं. खाली खडकवासल्याचं जुनं दगडी धरण दुपारपर्यंत तगलं आणि मग तेही गेलं. मधल्या त्या काही तासांनी पुण्यात किती जीव वाचवले याची मोजदाद कोणी केलेली नाही. मृतांचा आकडा हजाराच्या आसपास सांगितला जातो. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठा बसल्या, आणि शहराचं पिण्याचं पाणीही तुटलं. चौकशी आयोग नेमला गेला. त्याचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती बावडेकर चौकशी पुरी होण्याआधीच गेले, आणि पुढचं काम न्यायमूर्ती नाईकांनी केलं.

यात खटका कुठे होता? रात्रीच्या इशाऱ्याचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तरही अवघड नाही: सांगायला हवं होतं. त्यात तात्त्विक कोडं नाही. अडचण होती ती अशी की सांगायची व्यवस्थाच उभी केलेली नव्हती. कोणी कोणाला कळवायचं, कोणाच्या शब्दावर शहर हलवायचं, हे कोरड्या दिवसांत बसून ठरवायचं असतं. त्याहून मोठा निर्णय, पाणी एक वर्ष आधी साठवण्याचा, त्यापूर्वीच होऊन गेला होता. तो घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ना पाच माणसं होती ना एक. होतं वेळापत्रक, वाट बघणारे कालवे, आणि वरून आलेली घाई. तिथे कोणाला आपण नीतीचा निर्णय घेतो आहोत असं वाटलंच नसणार. हेच मला भयंकर वाटतं. खटक्याच्या कोड्यांवर वाढलेला माणूस नीतीचा प्रसंग ओळखायला शिकतो तो घाम फुटल्यावर. तोपर्यंत बैठकीच्या इतिवृत्तावर त्याची सही होऊन गेलेली असते.

आणखी एक. त्याला आपण पानशेतचा पूर म्हणतो, पण आठवणी सगळ्या पुण्याच्या. शहरातल्या पूरग्रस्तांच्या वसाहती, गोखलेनगर, हे सगळं लिहिलं गेलं, आणि ते योग्यच झालं. धरणासाठी खोऱ्यातून आधीच उठलेली माणसं मात्र त्या गोष्टीत येत नाहीत. त्यांच्यापुरता निर्णय पूर येण्याआधीच झालेला होता. या पुस्तकातला सर्वांत लांब लेख त्यांच्याबद्दल आहे.

माझे एक स्नेही तत्त्वज्ञान शिकवतात. त्यांनी हस्तलिखित वाचून तक्रार केली. भौतिकशास्त्रात घर्षण नसलेला उतार मानतातच ना, मग नीतीत का मानू नये? गुंता काढून टाकल्याशिवाय तत्त्व दिसणार कसं? आक्षेप वजनदार आहे. पण भौतिकवाला घर्षण बाजूला ठेवतो आणि पूल बांधताना हिशेबात परत घेतो. ते कसं घ्यायचं याची सूत्रं त्याच्याजवळ आहेत. आपल्याकडे इतिहास, नातं, शब्द, भीती, पद हे सगळं बाजूला ठेवतात आणि परत कोणी घेत नाही. शिवाय या कोड्यांतली उत्तरं वागणुकीबद्दल तरी काही सांगतात का, हीही शंकाच आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात 2018 साली एक प्रयोग झाला. पाच उंदरांना बसणारा विजेचा झटका एकाच उंदराकडे वळवाल का, असं कल्पनेत विचारल्यावर 66 टक्के लोक हो म्हणाले. खरी भासणारी यंत्रं आणि जिवंत उंदीर समोर ठेवल्यावर 84 टक्क्यांनी तसं केलं. झटका कोणत्याच उंदराला बसला नाही, ते नंतर सांगितलं गेलं. मुख्य निष्कर्ष असा, की ट्रॉलीसारख्या कोड्यांना दिलेल्या उत्तरांवरून कोण प्रत्यक्षात काय करेल याचा अंदाज बांधता येत नव्हता.

कॅरल गिलिगन यांच्या 1982 च्या पुस्तकातली अकरा वर्षांची एमी मला कोडं सोडवणाऱ्या या लोकांपेक्षा जवळची वाटते. बायको मरणाच्या दारात, औषध परवडत नाही, नवऱ्यानं चोरी करावी का, असं तिला विचारलं. ती म्हणत राहिली की आणखी काही मार्ग असेल, औषधवाल्याशी बोलायला हवं, चोरी करून हा तुरुंगात गेला तर बायकोकडे कोण बघेल. तपासणाऱ्यांच्या मोजपट्टीवर तिला कमी गुण पडले, कारण तिनं कोडं सोडवलं नाही. ती कोड्याच्या भिंती ठोकून बघत होती. वेल्ह्याच्या कोणत्याही शाळेत ट्रॉली नेऊन बघा. ‘त्यांना हाक मारता येत नाही का?’ असं विचारणारं पोर पहिल्या मिनिटाला भेटेल. आपण त्याला गप्प करतो.

गप्प करण्याचं हे काम आता सरकारी परीक्षेतही होतं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत 2013 पासून नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर आहे, आणि त्यातले जवळपास निम्मे गुण कल्पित प्रसंगांना. भोर-वेल्ह्यातली पोरं सदाशिव पेठेत खोली घेऊन त्याची तयारी करतात. हे प्रसंग ट्रॉलीपेक्षा बरे, निदान त्यांत ठेकेदार असतो, वरिष्ठ असतो, आईचं आजारपण असतं. पण त्यातला अधिकारी नेहमी काल रुजू झालेला असतो. त्याची आधीची एकही सही नसते. उत्तरपत्रिकेत तो हितसंबंधी घटकांची यादी करतो, मधला मार्ग काढतो आणि सगळ्यांना वाचवतो. असा अधिकारी मी अजून पाहिलेला नाही, आणि चांगले अधिकारी मी पाहिलेले आहेत.

काही कल्पित प्रसंग मी मानतो. पीटर सिंगर यांनी तळ्यात बुडणारं मूल 1972 साली पुढे आणलं ते पूर्व बंगालच्या निर्वासितांकडे बोट दाखवण्यासाठी. तळं दाखवून ते लगेच खऱ्या छावण्यांकडे वळले. कोडं असं वापरलं तर माझं भांडण नाही.

लेखांचा क्रम काळानुसार आहे, पण तो पाळलाच पाहिजे असं नाही. हयात माणसांच्या बाबतीत नावं वगळली आहेत, गावांची नावं ठेवली आहेत. पुस्तकाच्या शेवटी वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी आणि मोसे या नद्यांचा नकाशा जोडला आहे. शेवटचा लेख जुलै 2024 मधल्या त्या रात्रीबद्दल आहे, जेव्हा खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, आणि इशारा कोणी कोणाला कधी दिला यावर पाटबंधारे खातं आणि महापालिका यांच्यात वाद लागला. ज्यांना पानशेतच्या लेखाची लांबी झेपणार नाही, त्यांनी आधी हा शेवटचा लेख वाचावा.